इतक्या वर्षांनी नागपूरला येताना

(कॅनडातल्या मिसिसागाहून आलेलं हे पत्र थोडं संक्षिप्त केलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

ताई,
मी लक्ष्मीनगरात वाढले, एलएडी कॉलेजात शिकले आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे 2008 मध्ये कॅनडाला आले. कॉलेजपासून आम्ही चौघी. बाकी तिघी नागपुरातच आहेत: एक महालात, एक अंबाझरी लेआउटमध्ये, एक त्रिमूर्तीनगरात. मागच्या खेपेला, 2017 मध्ये, वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात मी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. अंबाझरीची आली, त्रिमूर्तीनगरची घड्याळ बघत तासाभरात उठली, महालातली आलीच नाही. पुढे एप्रिल 2021 मध्ये महालातल्या मैत्रिणीचे मिस्टर कोविडने गेले. मी ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. फोन करायला हात धजला नाही, आणि जितका उशीर होत गेला तितकं ते अवघड होत गेलं. आता डिसेंबरमध्ये तीन आठवड्यांसाठी येते आहे. आईबाबा पुण्याला भावाकडे असतात, लक्ष्मीनगरचं घर विकलं, त्यामुळे नागपूरला यायचं ते फक्त मैत्रिणींसाठी. ग्रुपवर 'येतेय' म्हणून लिहिलं तर तीन अंगठे आले, बस. हे सगळं मी एकटीच धरून बसले आहे का? कुणाकडे उतरू, काय आणू, चौघींची भेट कशी ठरवू? की पुण्याहूनच परत जाऊ? धाकटी बहीण समजून स्पष्ट सांगा.

धाकटी बहीण म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. पुण्याहून परत जाऊ नकोस. नागपूरला ये, आणि नीट ये.

त्या तीन अंगठ्यांवरून काही ठरवू नकोस. तू तो निरोप कधी टाकलास ते आठव. हिवाळ्यात तुझ्या आणि नागपूरच्या घड्याळात साडेदहा तासांचं अंतर असतं. तुझी जेवणं आटोपून, भांडी आवरून रात्री साडेनऊला तू फोन हातात घेतेस, तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ वाजलेले असतात. गॅसवर पोळ्या, दारात शाळेची व्हॅन, सासऱ्यांची गोळी द्यायची राहिलेली. त्या घाईत जिला एक अंगठा दाबता आला तिने तो दाबला, एवढाच त्याचा अर्थ. सावकाश गप्पा मारायच्या वेळेला तू आजवर त्यांना गाठलंस का, याचा मात्र विचार कर.

डिसेंबरही साधा महिना नाही. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात ते धनुर्मास लागेपर्यंत, म्हणजे साधारण 16 डिसेंबरपर्यंत, लग्नांची रीघ असते. शाळांची गॅदरिंग्ज, दहावी-बारावीच्या सराव परीक्षा, त्यात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. अधिवेशनाच्या काळात सिव्हिल लाइन्सपासून बर्डीपर्यंत रस्ते मोर्चांनी अडतात आणि हॉटेलांच्या खोल्या मिळत नाहीत. जमलं तर आधी पुण्याला आईबाबांकडे आठवडाभर राहा, झोपेचं चक्र जागेवर येऊ दे, आणि महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात नागपूर गाठ. 2025 पासून पुण्याहून नागपुरातल्या अजनी स्टेशनपर्यंत वंदे भारत धावते आहे, दिवसाउजेडी बसून येता येतं. बारा दिवस मैत्रिणींसाठी पुष्कळ झाले.

आता स्पष्ट बोलते. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात त्रिमूर्तीनगरची मैत्रीण घड्याळ बघते, पण का बघते ते नाही. ती नोकरी करते की नाही, तिच्या घरी म्हातारं माणूस आहे का, मुलं केवढी आहेत, यातलं काही नाही. महालातली हॉटेलात का आली नाही हेही नाही. तू एवढी कळवळून लिहितेस, म्हणजे माया नाही असं मी म्हणूच शकत नाही. पण ती माया 2008 च्या चौघींवर आहे. तू गेलीस त्यानंतर इथेही तेवढीच वर्षं गेली, आणि ती कशी गेली ते तुला ठाऊक नाही. या खेपेला ते माहीत करून घ्यायला ये. जुन्या आठवणी निघायच्या तेव्हा आपसूक निघतील, त्यांच्यासाठी कार्यक्रम आखावा लागत नाही.

सगळ्यात आधी महालात जा. बाकी कुणालाही भेटण्याआधी.

आणि त्याच्याही आधी फोन कर. मेसेज नको, व्हॉइस नोट नको, ग्रुपवर तर नकोच. ती निवांत असेल अशा वेळी फोन लाव आणि पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाक: "ते गेले तेव्हा मी तुला फोन केला नाही. माझं चुकलं. डिसेंबरमध्ये येते आहे, तुला भेटायला घरी येऊ का?" एवढंच. तिकडे काय परिस्थिती होती, तुला कसं सुचत नव्हतं, हे त्यात घालू नकोस. ते खरं असेलही, पण त्या फोनवर तुझी बाजू मांडायला बसलीस तर तुझी समजूत घालायचं काम तिच्यावर पडेल. ती गप्प राहिली तर राहू दे, फोन धरून ठेव. रागावली तर ऐकून घे. "आता काय उपयोग" म्हणाली तर वाद घालू नकोस, "मी पुन्हा फोन करते" म्हण आणि पंधरा दिवसांनी खरोखर कर. माझा अंदाज विचारशील तर ती "ये ना गं" असंच म्हणेल.

असं का म्हणते ते सांगते. 2021 चा तो मार्च-एप्रिल नागपूरने कसा काढला हे तुला दुरून पूर्ण कळलं नसेल. 15 मार्चपासून शहर बंद होतं. एप्रिलमध्ये खाटांसाठी, ऑक्सिजनसाठी, रेमडेसिव्हिरच्या एका इंजेक्शनसाठी माणसं रात्र रात्र फिरत होती. घाटांवर रांगा लागल्या होत्या. ज्यांच्या घरी माणूस गेलं त्यांच्याकडे कुणी गेलं नाही, कारण जाता येत नव्हतं. शेजारची बाई दाराबाहेर डबा ठेवून मागे फिरायची. एरवी तेराव्यापर्यंत आपली घरं माणसांनी भरलेली असतात. कुणी रडतं, कुणी नुसतं बसतं, कुणी चहा टाकतं, आणि त्या गर्दीत घरातल्या बाईचे पहिले दिवस कसेबसे पार पडतात. तुझ्या मैत्रिणीला ते मिळालं नसण्याचीच शक्यता जास्त. नंतर शहर उघडलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता जुनं झालं, कशाला खपली काढायची. म्हणजे नागपुरात राहणाऱ्यांनीही तिला तेव्हा फोनवरच गाठलं. तू उशिरा जाते आहेस हे खरं. पण तिच्यापाशी तासभर निवांत बसून, तिच्या नवऱ्याबद्दल तिलाच बोलू देणारं माणूस आजही तिला भेटलेलं नसेल.

एकटी जा. नवरा-मुलं बरोबर असली तरी त्या दिवशी नको. गाडी बडकस चौकात सोड आणि गल्लीतून चालत जा, कॅब तिच्या दारापर्यंत नेण्याचा हट्ट धरू नकोस. मिठाई नेऊ नकोस. अंबिया बहाराची संत्री बाजारात असतील, ती डझनभर घे. आणलेल्या भेटवस्तूंची पिशवी त्या दिवशी बाहेर काढू नकोस. बसलीस की त्यांचं नाव घेऊन बोल. नवरा गेलेल्या बाईच्या समोर त्याचं नाव सगळेच टाळतात, आणि हळूहळू तिच्या कानावर ते पडेनासं होतं. तुला त्यांच्याबद्दल काही आठवत असेल, लग्नात काय झालं होतं, तुम्हा चौघींना कधी कुठे नेलं होतं, तर ते सांग. "तू किती खंबीर आहेस" असं म्हणू नकोस. ते ऐकल्यावर बाईला खंबीर दिसावंच लागतं, मग तिचं बोलणं तिथेच थांबतं. पैशांचं कसं चाललंय, पुढे काय ठरवलंस, हे पहिल्या दिवशी विचारू नकोस, आणि पाकीट तर मुळीच देऊ नकोस. खरंच गरज दिसली तर नंतर, दोघीच असताना, सरळ विचार. आणि 2017 ला हॉटेलात का आली नाहीस हा प्रश्न कायमचा सोडून दे. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल.

याच संदर्भात एक सावधगिरी. तू येशील तेव्हा मार्गशीर्षातले गुरुवार चालू असण्याची शक्यता आहे, आणि उरलेल्या दोघींपैकी कुणी शेवटच्या गुरुवारी हळदीकुंकवाला बोलावेल. त्याच निमित्ताने चौघींनी भेटू, असं कुणी सुचवलं तर आधी स्पष्ट ठरवून घ्या: महालातल्या मैत्रिणीलाही तितक्याच मानाने बोलवायचं आणि हळदीकुंकू लावायचं. घरातल्या मोठ्यांपुढे ते जमणार नसेल तर भेट दुसऱ्या दिवशी ठेवा. तिला ओटीवर बसवून ठेवून बाकीच्या तिघींनी आत वाण घेतलं, असं होता कामा नये. याबाबतीत माझं मत ठाम आहे आणि ते बदलणार नाही.

आता त्या हॉटेलातल्या जेवणाबद्दल. तुझा हेतू चांगला होता. पण बघ, दुपारी एकची वेळ, वर्धा रोड, मेट्रोच्या आणि पुलाच्या कामाने तेव्हा सगळा रस्ता खणलेला. एकीला ऑफिसातून अर्धी रजा काढावी लागली असेल, दुसरीला घरचं जेवण करून, वाढून निघावं लागलं असेल. काय नेसायचं हाही प्रश्न. आणि तिथे पोचल्यावर बिल तू देणार हे ठरलेलं. तू यजमान आणि त्या पाहुण्या, तेही त्यांच्याच गावात. अशा टेबलावर माणसं मेनूकार्डाबद्दल बोलतात.

या वेळी एकेकीला वेगळी भेट, आणि तिच्या रोजच्या दिवसात जाऊन भेट. त्रिमूर्तीनगरचीला विचार, "सकाळी कधी मोकळी असतेस?" समजा ती म्हणाली, साडेनऊ ते अकरा. मग साडेनऊला तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बस. ती भाजी निवडत असेल तर तूही निवड. घरात सासूबाई असतील तर त्यांच्याशी चार शब्द बोल. तासभर झाला की आपण होऊन उठ, म्हणजे तिला घड्याळाकडे बघावं लागणार नाही, आणि दोन दिवसांनी पुन्हा जा. एकदाच चार तास बसण्यापेक्षा तीनदा तासभर बसलीस तर जास्त बोलणं होईल, कारण दुसऱ्या वेळी तू पाहुणी उरत नाहीस. ती वडाभात करू का, गोळाभात करू का विचारेल. हो म्हण आणि जेव. पोटाची भीती वाटत असेल तर आधीच सांग, ताटावर बसल्यावर बाटलीचं पाणी मागू नकोस.

अंबाझरीची तेव्हा आली होती, म्हणून तिच्याशी सगळं ठीक आहे असं गृहीत धरू नकोस. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काय झालं ते तुला माहीत आहे का? काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, या भागात तळमजल्यावरच्या लोकांना झोपेतून उठून छातीभर पाण्यातून बाहेर पडावं लागलं. फ्रिज, गाद्या, धान्य गेलंच. लग्नाचे अल्बम, मुलांच्या मार्कशीट, आजीच्या हातच्या गोधड्या, हेही गेलं. तुझ्या मैत्रिणीचं घर त्यात सापडलं का, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. तिला विचार. पाणी कुठवर आलं होतं, काय वाचलं, कुणाकडे जाऊन राहिलात, आता जोराचा पाऊस आला की झोप लागते का. आणि एक काम करता येईल: तुझ्याकडे कॉलेजचे फोटो असतील. तिचे भिजून गेले असतील तर तुझ्याजवळचे छापून आण. कॅनडातून आणायच्या वस्तूंमध्ये मला याहून चांगली वस्तू सुचत नाही.

भेटवस्तूंचं म्हणशील तर हात आखडता घे. चॉकलेटांच्या थैल्या, बॉडी लोशन, पर्स, हे आता इथल्या दुकानांत सगळं मिळतं. तिघींना एकसारखं काही आणू नकोस, कंपनीची दिवाळी भेट वाटते. एकेकीला आठवून एक वस्तू आण, लहान असली तरी चालेल. मुलांसाठी आणायचं तर त्यांची वयं आधी विचार, नाहीतर बारावीतल्या पोराच्या हातात रंगीत पेन्सिली पडतात.

पैसे त्यांनाही देऊ दे. आपल्याकडच्या बायका सहज म्हणतात, "तू कॅनडाहून आली, तू कशाला देते, मी देते ना," आणि तू हट्टाने कार्ड पुढे करतेस. प्रत्येक वेळी तूच दिलेस की पुढच्या भेटीला त्या कारणं सांगायला लागतील. तर्री पोह्यांच्या प्लेटा तिला घेऊ दे, चहा तू घे. इथे आता टपरीवरसुद्धा सगळे मोबाइलने पैसे देतात. तुझं एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं बँक खातं असेल तर कॅनडाच्या नंबरवरही यूपीआय सुरू करता येतं, निघण्याआधी बँकेत विचारून ठेव. म्हणजे दहा-वीस रुपयांसाठी पाचशेची नोट काढून उभं राहायची वेळ येणार नाही. आणि कुठलीही किंमत मनातल्या मनात डॉलरमध्ये मोजलीस तरी तोंडाने बोलू नकोस.

उतरायचं कुणाकडे? एकीकडेही बारा दिवस उतरू नकोस. मैत्रिणीच्या घरी तिचं एकटीचं राज्य नसतं. धरमपेठ किंवा रामदासपेठेत एखादी स्वच्छ खोली घे, तिथून तिघींकडे जाणं सोपं पडतं. त्यातून कुणी मनापासून "एक रात्र तरी राहा ना" म्हणाली तर जरूर राहा, रात्री अकरानंतर जे बोलणं होतं ते दिवसा होत नाही. महालातलीने असं म्हटलं तर बाकी सगळं रद्द करून राहा.

चौघींची एकत्र भेट शेवटच्या तीन-चार दिवसांत ठेव, आणि ती तू ठरवू नकोस. तिघींना वेगवेगळं भेटून झाल्यावर "आता एकदा सगळ्या भेटू का" एवढं म्हण आणि कधी, कुठे ते त्यांच्यावर सोड. त्या म्हणतील तिथे जा, मग ते सेमिनरी हिल्स असो की कुणाच्या घराची गच्ची. मला विचारलंस तर एक सुचवते. तू शेवटची आलीस तेव्हा मेट्रो सुरू झाली नव्हती. आता ॲक्वा लाइन लोकमान्यनगरपासून प्रजापतीनगरपर्यंत जाते आणि तिच्यावर एलएडी चौक नावाचं स्टेशन आहे. महालातलीला सीताबर्डीहून गाडी मिळेल, बाकी दोघींना सुभाषनगरचं स्टेशन फार लांब नाही. कुणालाही गाडी काढायला नको, कुणाच्या नवऱ्याला सोडायला यायला नको. तिथे उतरून शंकरनगरपर्यंत चाला, कुठेतरी चहा घ्या. शहर बदलल्याची खंत करत बसू नकोस. रोज त्या मेट्रोने ऑफिसला जाणाऱ्या बाईला तिचं कौतुक असतं, आणि ते योग्यच आहे. तिकडच्या रस्त्यांची तुलना कुणी विचारल्याशिवाय काढू नकोस. विचारलं तर मात्र तिकडचं खरं सांग: बर्फातली सकाळ, मुलांचं मराठी, एकटेपणा असेल तर तोही. तू फक्त चांगलंच सांगत राहिलीस तर त्यांनाही आपलं वाईट सांगता येत नाही.

लक्ष्मीनगरच्या घरी जायचं की नाही, हे तू विचारलं नाहीस, पण पाय तिकडे वळतीलच. त्या भागातल्या कित्येक बंगल्यांच्या जागी आता फ्लॅट स्कीम उभ्या आहेत, तुमच्या घराचंही तसं झालं असू शकतं. एकटी जाऊ नकोस. जिने तुझ्या आईच्या हातचं तिथे जेवलंय अशी एक तरी बरोबर असू दे.

आणि परत गेल्यावर. आजवरची तुझी फोनची वेळ मोड. शनिवारी तुझ्याकडे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. ओटा आवरलेला, मुलं आपापल्या खोलीत, दुसऱ्या दिवशी रविवार. मार्चमध्ये तुमची घड्याळं एक तास पुढे गेली की त्याच अकराला इथे साडेआठ वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात फोन बारा वाजता कर. तिघींना एकत्र नको. एका शनिवारी एक, पुढच्या शनिवारी दुसरी, असा क्रम लाव आणि कॅलेंडरवर लिहून ठेव. त्याला डिसेंबरची वाट बघायची गरज नाही, या शनिवारपासून सुरू कर.